मेकॅनिकल ब्रॉडहेड सर्वांच्या धनुष्यासाठी नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील धनुष्यबाणाच्या शिकारीवर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. भारतात कायद्याने शिकारीला मनाई असल्यामुळे हा विषय आपल्या बहुसंख्य वाचकांच्या प्रत्यक्ष व्यवहाराचा नाही. परंतु इकडे अमेरिकेत राहणारी, परवाना काढून हंगामात रीतसर हरणाच्या शिकारीला जाणारी मराठी माणसे आपला अंक वाचतात आणि त्यांतील काही जण यंदा पहिल्यांदाच धनुष्य हाती घेणार आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लेखाच्या शेवटी दिलेला सल्ला, म्हणजे स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाला पुढे लावायचे धारदार पात्यांचे टोक) आता कालबाह्य झाले असून नवशिक्याने सरळ मेकॅनिकल, म्हणजे आदळल्यावर पाती उघडणारे ब्रॉडहेडच घ्यावे, कारण ते सरावाच्या बिनपात्यांच्या टोकासारखेच उडते व धनुष्याची वेगळी जुळवणी करावी लागत नाही, हा मला अपुरा वाटतो. आणि कमी ताकदीचे धनुष्य वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर तो चुकीचाच आहे.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते व ४५ पौंडांच्या (म्हणजे ओढायला जास्तीत जास्त तेवढा जोर लागणाऱ्या) कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्याने व्हाइटटेल हरणाची शिकार करते. लेखकाने गृहीत धरलेले ७० पौंडांचे धनुष्य माझ्या खांद्यांना पेलणारे नाही आणि ते अनेक स्त्रियांना, किशोरवयीन मुलांना व उतारवयातील पुरुषांनाही पेलत नाही. ब्रॉडहेडची चर्चा करताना धनुष्य ओढणारा कोण आहे हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे, तो लेखात कुठेच आलेला नाही.

ज्यांना या दोन प्रकारांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्थिर प्रकारात पाती टोकाला कायमची पक्की बसवलेली असतात आणि त्यांचा कापण्याचा व्यास बहुधा एक ते सव्वा इंच असतो. मेकॅनिकल प्रकारात पाती दांड्याला चिकटून मिटलेली राहतात, रबराची कडी किंवा प्लास्टिकची कॉलर त्यांना धरून ठेवते आणि सावजावर आदळताच ती उघडून दीड ते दोन इंचांचा, काहींत त्याहूनही मोठा घाव करतात. दोन्ही प्रकारांत १०० व १२५ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) ही वजने सर्वाधिक प्रचलित आहेत. बंदुकीच्या गोळीचा असतो तसा धक्का बाणाला नसतो. बाण रक्तस्रावाने मारतो. म्हणून दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून धारदार पाते आरपार जाणे, म्हणजेच बाण वर्मी लागणे, हेच सर्वस्व आहे, आणि ब्रॉडहेडची निवड ही त्या एका गोष्टीच्या सोयीसाठी असते.

मोठा घाव चांगला हे उघड आहे, परंतु तो वाटतो तितका मोठा असतो का, हे एकदा मोजून पाहावे. दोन इंच व्यासाच्या दोन पात्यांच्या मेकॅनिकल ब्रॉडहेडने पडणाऱ्या चिरेची एकूण लांबी दोन इंच भरते. सव्वा इंच व्यासाच्या तीन पात्यांच्या स्थिर ब्रॉडहेडमध्ये प्रत्येक पाते मध्यापासून पाच अष्टमांश इंच कापते आणि तिन्ही मिळून चिरेची लांबी १.८७५ इंच होते. म्हणजे एकूण कापल्या जाणाऱ्या ऊतींत फरक अगदी किरकोळ आहे. राहिला प्रश्न नेम चुकल्यावर मिळणाऱ्या सवलतीचा. बाणाच्या मध्यापासून एका बाजूला दोन इंची ब्रॉडहेड एक इंच पोहोचते, सव्वा इंची ब्रॉडहेड ०.६२५ इंच पोहोचते. सवलत पाऊण इंचाच्या निम्मी, ०.३७५ इंच! नेम चुकतो तेव्हा तो चार-चार, सहा-सहा इंचांनी चुकतो. एवढ्याशा जास्तीच्या रुंदीने तो सावरला जाईल या भरवशावर बाण सोडणे मला पटत नाही.

आणि ही रुंदी फुकट मिळत नाही. पाती उघडण्यात आणि रुंद चीर पाडण्यात बाणाची ऊर्जा खर्च होते. बाणाची ऊर्जा काढण्याचे सूत्र सर्वमान्य आहे: वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत घेऊन वेगाच्या वर्गाला वजनाने गुणावे आणि ४,५०,२४० ने भागावे. ७० पौंडांच्या धनुष्यातून ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला २७० फुटांनी निघाला तर सुमारे ६५ फूट-पौंड ऊर्जा मिळते. कमी ताकदीच्या व आखूड ओढीच्या धनुष्यातून ३८० ग्रेनचा बाण सेकंदाला २०० फुटांनी निघाला तर ती जेमतेम ३४ फूट-पौंड भरते. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीच्या प्रसिद्ध तक्त्यात हरणासारख्या मध्यम सावजासाठी २५ ते ४१ फूट-पौंड ऊर्जा पुरेशी मानली आहे, तेव्हा ३४ चा बाण अपुरा नाही. परंतु त्याच्याकडे वाया घालवण्यासारखे काही शिल्लकही नाही. बरगडी फोडून, दोन्ही फुप्फुसे कापून पलीकडच्या कातडीतून बाहेर पडायचे असेल तर अशा बाणाला अरुंद, मजबूत, आधीपासून उघडेच असलेले पातेच हवे. ६५ फूट-पौंडांच्या बाणाला मात्र दोन इंची मेकॅनिकल सहज परवडते, आणि लेखकाचा अनुभव बहुधा अशाच धनुष्यांचा असावा.

बाण आरपार जाण्याला मी इतके महत्त्व का देते, ते ज्यांनी मचाणावरून शिकार केली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. १५-२० फुटांवरून सोडलेला बाण सावजाच्या अंगात वरच्या बाजूने शिरतो. तो आतच अडकला तर एकमेव छिद्र वर राहते, रक्त छातीच्या पोकळीत साचत जाते आणि जमिनीवर बराच वेळ थेंबही पडत नाही. तोच बाण पलीकडे खालच्या अंगाने बाहेर पडला की त्या छिद्रातून रक्त गळू लागते आणि पालापाचोळ्यावर, गवताच्या पात्यांवर माग मिळत जातो. आत शिरताना पडलेली दोन इंची जखम आणि बाहेर पडलेले सव्वा इंची छिद्र यांतून एकच निवडायचे असेल, तर मी बाहेर पडलेले छिद्र निवडेन.

आता लेखकाच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. मेकॅनिकल ब्रॉडहेड सरावाच्या टोकासारखे उडते हे खरे आहे. स्थिर पाती बाणाच्या पुढच्या टोकाला पंखांसारखी काम करतात. बाण जरा जरी तिरका निघाला तरी हवा त्यांना धरून बाण भरकटवते आणि मागची पिसे त्याला सरळ करेपर्यंत तो लक्ष्यापासून काही इंच दूर गेलेला असतो. मिटलेल्या पात्यांना हवा धरायला जागा नसते, म्हणून तोच तिरका बाण मेकॅनिकल टोकाने लक्ष्यावर जाऊन बसतो. लेखकाला हा गुण वाटतो. मला हा दोष झाकला जाणे वाटते, कारण तिरका निघालेला बाण लक्ष्यावर बसला तरी तिरकाच बसतो. फोमच्या लक्ष्यात त्याने काही बिघडत नाही. हरणाच्या बरगडीवर मात्र दांड्याची दिशा टोकाच्या दिशेशी जुळत नसेल तर ऊर्जा आडवी खर्च होते, दांडा वाकतो, मोडतो, आणि बाण हातभर आत शिरायच्या ऐवजी वीतभर शिरून थांबतो.

धनुष्य जुळलेले आहे की नाही हे पाहायला फार साधन-सामग्री लागत नाही. चौकटीवर कागद ताणून बसवावा, सहा-सात फुटांवरून त्यातून बाण सोडावा आणि कागदाजवळ जाऊन नीट पाहावे. मधोमध दांड्याचे गोल भोक आणि त्याच्याभोवती तीन पिसांच्या तीन सारख्या चिरा दिसल्या तर बाण सरळ निघतो आहे. कागद एका बाजूला लांब फाटलेला दिसला तर बाणाची शेपटी त्या बाजूला फेकली जाते आहे. त्यानंतर वीस ते तीस यार्डांवरून आधी सरावाच्या टोकांचे आणि मग स्थिर ब्रॉडहेडचे बाण एकाच बिंदूवर नेम धरून सोडावेत. ब्रॉडहेडचे बाण सरावाच्या बाणांच्या डावीकडे जात असतील तर बाण टेकवण्याची रेस्ट उजवीकडे सरकवावी, उजवीकडे जात असतील तर डावीकडे; एका वेळी १/३२ इंचाहून जास्त नको. ब्रॉडहेड लावलेला बाण बोटांच्या नखांवर गरगर फिरवून टोक थरथरते का, तेही पाहावे. थरथरले तर टोक नीट बसलेले नाही किंवा दांड्याचे तोंड सरळ कापलेले नाही. दोन-तीन संध्याकाळच्या कामानंतर दोन्ही बाण शेजारी शेजारी बसू लागतात. त्या वेळी शिकाऱ्याला जी खात्री वाटते ती कोणत्याही वेष्टनावर छापून मिळत नाही.

मला सांगायचे आहे ते हेच. स्थिर ब्रॉडहेडचा दोष हंगामाआधी, लक्ष्यावर, डोळ्यांदेखत दिसतो आणि दुरुस्त करता येतो. मेकॅनिकल ब्रॉडहेडचा दोष दिसतो तो जिवंत प्राण्याच्या अंगात. कॉलर वाहतुकीत किंवा भात्यातून काढताना सैल होऊन पाती उड्डाणातच उघडली, एकच पाते उघडले, उघडताना वाकले, किंवा अतिशय तिरक्या कोनातून आदळल्यामुळे टोक आत न शिरता बरगडीवरून घसरले, तर त्याची कल्पना शिकाऱ्याला आधी येऊ शकत नाही. हे रोज घडत नाही, हे मी मान्य करते. चांगल्या बनावटीच्या ब्रॉडहेडमध्ये ते विरळाच घडते. तथापि जे घडते त्याची किंमत शिकारी मोजत नाही, सावज मोजते, आणि म्हणून मला नवशिक्याच्या हातात तपासून पाहता येणारे साधन असावे असे वाटते.

मेकॅनिकलच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत वजनदार पुरावा लेखकाने दिलेला नाही, तो मीच देते, कारण तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मेरीलँड राज्यात पोटोमॅक नदीकाठी इंडियन हेड येथे अमेरिकी नौदलाचा तळ आहे. तिथे १९८९ पासून धनुर्धारी शिकाऱ्यांनी सोडलेल्या बाणांच्या व लागलेल्या हरणांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे शिकाऱ्यांना सापडली नाहीत. पुढे ब्रॉडहेडच्या प्रकारानुसार वर्गवारी केली असता स्थिर पात्यांनी लागलेली सुमारे ८२ टक्के आणि मेकॅनिकलने लागलेली सुमारे ९१ टक्के हरणे सापडल्याचे दिसले. हा फरक लहान नाही आणि त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. मात्र त्या तळावर शिकारीची परवानगी मिळण्यासाठी प्रशिक्षण पूर्ण करून नेमबाजीच्या चाचणीत उत्तीर्ण व्हावे लागत असे. कोणते ब्रॉडहेड वापरायचे हे ज्याचे तो ठरवत होता. आणि मेकॅनिकलच्या नोंदी स्थिर प्रकाराच्या नोंदींहून बऱ्याच कमी होत्या. ज्यांचे धनुष्य ताकदवान आणि हात सरावलेला, त्यांनी मेकॅनिकल निवडले असण्याचा संभव मोठा आहे. या आकड्यांवरून मी इतकाच निष्कर्ष काढते की पुरेशी ऊर्जा व पक्का हात असलेल्या शिकाऱ्याने मेकॅनिकल वापरले तर तो काही वावगे करत नाही. उलट जखमी हरीण सापडण्याची शक्यता तो वाढवत असेल. ४५ पौंडांच्या धनुष्याला तोच निष्कर्ष लावता येत नाही.

दुसऱ्या टोकाला डॉ. एड ॲशबी यांचे काम आहे. त्यांनी आफ्रिकेत व पुढेही अनेक वर्षे बाण प्रत्यक्ष प्राण्यांच्या शरीरात किती खोल शिरतो याचा अभ्यास केला आणि टोकाची मजबुती, बाणाचे सरळ उड्डाण, बाणाचे वजन व त्यातील पुढच्या भागाचा वाटा यांवर भर दिला. जाड हाडे फोडायची तर ६५० ग्रेनच्या आसपास किंवा त्याहून जड बाण व दोन पात्यांचे अरुंद ब्रॉडहेड, अशी त्यांची शिफारस आहे. त्यांच्या चाहत्यांपैकी काही जण व्हाइटटेलसाठीही तोच आग्रह धरतात. मला तो अनावश्यक वाटतो. व्हाइटटेलच्या बरगड्या काही रानरेड्याच्या नव्हेत, आणि कमी ताकदीच्या धनुष्यातून इतका जड बाण सोडला तर त्याच्या उड्डाणाची कमान एवढी वाढते की अंतराच्या अंदाजात दोन-तीन यार्डांची चूकही महागात पडते. मात्र बाण सरळ उडणे आणि टोक न मोडणे या दोन गोष्टींना त्यांनी दिलेले महत्त्व सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

नेम चुकण्याचे एक कारण असे आहे की ज्यात शिकाऱ्याचा हात मुळीच चुकलेला नसतो, आणि ते ब्रॉडहेडच्या निवडीशी थेट निगडित आहे. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला सुमारे ११०० फुटांनी जातो, बाण २७० फुटांनी. तीस यार्डांवरच्या हरणाच्या कानी आवाज ०.०८ सेकंदात पोहोचतो आणि बाणाला तिथे जायला ०.३३ सेकंद लागतात. सावध असलेले हरीण त्या पाव सेकंदात पळण्यासाठी पाय दुमडून खाली बसल्यासारखे करते. दचकण्यात थोडा वेळ गेला आणि हाती ०.१५ सेकंदच उरला असे धरले, तरी मोकळे पडणारे शरीर तेवढ्यात चार इंचांहून जास्त खाली येते. शिकाऱ्याने फुप्फुसांच्या मधोमध नेम धरलेला असतो आणि बाण लागतो तो वर, कण्याच्या जवळ किंवा खांद्याच्या हाडाच्या वरच्या भागात. अशा ठिकाणी रुंदीपेक्षा खोलवर घुसण्याची ताकद उपयोगी पडते. याउलट बाण मागे, यकृतात किंवा जठरात गेला तर रुंद पात्याचा फायदा निश्चित होतो, हेही नमूद करते. यांतली कोणती चूक आपल्या हातून अधिक संभवते, हे ज्याने त्याने सरावातून ओळखावे. माझ्या मते कमी वेगाच्या बाणाने तीस यार्डांवर सावध हरणाला बाण मारूच नये. वीस यार्डांच्या आत, हरीण चरत असताना, आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असताना मारावा. समोरून तिरप्या उभ्या हरणावर तर कोणत्याच ब्रॉडहेडने बाण सोडू नये.

जे मेकॅनिकल घेतील त्यांनी पुढे उघडणाऱ्या व मागे सरकून उघडणाऱ्या पात्यांतील फरक समजून घ्यावा. पुढे उघडणारी पाती आदळल्यावर उलटी फिरतात, त्यामुळे आत शिरतानाचे छिद्र लहान राहते आणि कोन तिरका असेल तर एक पाते आधी अडकून दांड्याला झटका देऊ शकते. मागे सरकणारी पाती शिरतानाच रुंद चीर पाडतात, त्यामुळे हरणासाठी मला तीच बरी वाटतात. ऊर्जा बेताची असेल आणि तरीही मेकॅनिकलच हवे असेल तर दीड इंचाच्या पुढे जाऊ नये. कॉलर प्रत्येक बाणाला नवी घालावी; उन्हाने कडक झालेली, एकदा वापरलेली कॉलर पुन्हा लावणे म्हणजे पाती भात्यातच उघडण्याला आमंत्रण आहे. सरावासाठी मिळणारे न उघडणारे टोक आणि खरे टोक यांची एकदा तरी शेजारी शेजारी परीक्षा घ्यावी.

स्थिर ब्रॉडहेड घेणाऱ्यांनीही धारेकडे दुर्लक्ष करू नये. नवे पाते डबीतून काढले की ते पुरेसे धारदार असतेच असे नाही, आणि सरावात लक्ष्यातून गेलेले पाते तर नक्कीच बोथट झालेले असते. सरावाचे एक ब्रॉडहेड वेगळे ठेवावे. बाकीच्यांची पाती बदलावीत किंवा अखंड पोलादाची असतील तर सपाट दगडावर घासून धार लावावी. ताणलेल्या रबरावरून पाते हलकेच ओढल्यावर रबर लगेच तुटले तर धार ठीक, नुसते दबले तर नाही.

बाण लागल्यानंतरची घाई मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच घातक आहे. बाण सापडला तर त्यावरचे रक्त उजेडात पाहावे. फिकट लाल व बुडबुड्यांचे असेल तर फुप्फुसे कापली गेली आहेत, अर्धा तास थांबून माग काढावा. गडद लाल असेल तर यकृत, किमान चार तास थांबावे. हिरवट, अर्धवट पचलेले गवत चिकटलेले व घाण वास येणारे असेल तर जठर; तिथे आठ-बारा तास हरणाला न उठवता राहू देणे हाच उपाय. उठवलेले हरीण मैलभर जाते आणि मग ब्रॉडहेड कोणते होते हा प्रश्न निरर्थक ठरतो.

शेवटी कायद्याविषयी, कारण लेखात त्याचा उल्लेखही नाही. हरणाच्या शिकारीत कोणते ब्रॉडहेड चालते हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये धनुष्य किमान ३० पौंडांचे आणि ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद असावे लागते. ओरेगन व आयडाहो या राज्यांनी मेकॅनिकल ब्रॉडहेडना कित्येक वर्षे परवानगी दिलेली नव्हती. मागच्या कडा आकड्यासारख्या वळलेल्या पात्यांना अनेक राज्यांत मनाई आहे. हे नियम बदलत असतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यात शिकारीला जाणाऱ्याने त्या राज्याच्या वन्यजीव विभागाची चालू वर्षाची नियमपुस्तिका परवाना काढण्यापूर्वीच वाचावी. पुढील पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात ५० पौंडांखालील धनुष्यांसाठी ब्रॉडहेडची निवड हा भाग स्वतंत्रपणे यावा, अशी माझी आपणांस विनंती आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
विस्कॉन्सिन (अमेरिका) येथील एक वाचक